आगबोटीवरचे फोटू

लष्करी इस्पितळ, मार्च १९४४

तीर्थरूप दादांना धाकट्या जोतीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

अक्षर माझं न्हाई म्हणून घाबरू नका. मी सांगतोय आन् शेजारच्या खाटंवरचा भाऊसो लिवतोय. सुरुंग फुटला तवा डोळ्यांना लागलं. हातपाय धड हायेत. आईचा गुडघा कसा हाय?

संगं मी काढलेले फोटू धाडलेत. पिरॅमिड हाय, उंटांचा बाजार हाय. आगबोटीच्या कठड्यावरनं काढलेला समुद्र मला लय आवडायचा. त्यो माझ्या मंडळीला द्या. तिला म्हनलं हुतं, एकदा समुद्र दावीन.

आईला सांगा, पट्टी सुटली की येतो. तुमाला खरं सांगतो. पट्टी सोमवारी सुटली. डॉक्टरनं इचारलं, "काय दिसतंय?" मी म्हनलं, "सायेब, आदी पट्टी तर सोडा." त्यानं माझा हात धरून माझ्याच उघड्या डोळ्यांवर ठिवला.

आता इलाज न्हाई म्हणत्यात. मंडळीचं वय अजून लहान हाय. तिला माहेरी जायाचं आसंल तर आडवू नका.

पुढल्या म्हैन्यात मला घरी लावून देतील. सातारा रोड ठेशनावर तुमीच या, दादा. गाडी थांबली की मोठ्यानं हाक मारा.

तुमचा,
जोतीराम