वापसीसाठी तीन दाबा

३ नोव्हें., सोम.
परत मीटिंग. मीटिंग म्हणजे मी, मुकुल आणि रज्जू मेकॅनिक, काउंटरमागे तीन स्टुलांवर. मुकुल माझा सख्खा धाकटा भाऊ, पण लॅपटॉप उघडला की कोणी दुसराच होतो. "ताई, आपल्याला एक डिसिजन घ्यायचं आहे." घे बाप्पा. अधारतालच्या रस्त्यावरचं दुकान, ऑक्सिजन मशीन अन् पलंग भाड्यानं देतो, माणसं तीन. त्यात टीमचं ॲप पाहिजे का कंपन्यांसारखी फोन-सिस्टीम पाहिजे, यावर अख्खी सकाळ गेली.

ॲपमध्ये प्रत्येक काम म्हणजे एक चौकोन. रज्जूनं बोट ठेवलं की काम झालं. फोन-सिस्टीममध्ये फोन मशीनच उचलणार, मग एक दाबा, दोन दाबा. बाबा गेल्यापासून दुकानाचा फोन मी उचलते. दोन्हीत मी कुठं बसते ते कोणी काढलं नाही. मीपण नाही.

रज्जूला विचारलं तं म्हणे, "दीदी, जो आप बोलो।" चहासाठी थांबला होता तो.

५ नोव्हें., बुध.
ॲपवाला आला, इंदूरहून. बूट असे चकचकीत की आपल्या फरशीची लाज वाटावी. "मॅम, आपका पेन पॉइंट क्या है?" तूच, म्हटलं. मनात. तोंडानं म्हटलं, चाय लेंगे?

तो दाखवून राहिला तेवढ्यात कुंडम गावाकडून फोन. वडलांची मशीन वाजते आहे, पोरगं घाबरलेलं. घरात लाइट आहे? आहे. मागची जाळी काढ, धू, झटक, लाव. मी धरूनच होती. आवाज थांबला, मागून म्हातारा खोकला, पोरगं रडल्यासारखं हसलं. फोन ठेवला तं ॲपवाला म्हणतो, "मॅम, देखिए, ये एक टिकट होना चाहिए था।"
तिकीट! सर्कस आहे काय इथं?

मु. मात्र मान हलवून राहिला. त्या मानेचा वीट आलाय मला.

८ नोव्हें., शनि.
कमानिया गेटकडून फोन, तिथल्या कापडवाल्यांचा मुलगा. "दीदी, वो मशीन... अब आप वापस ले जाइएगा।" पुढं काही नाही. मीपण नेहमीचंच बोलली, हाँ भैया, आप घर देखिए, हम बाद में आ जाएँगे. या धंद्यात कोणी "गेले" म्हणत नाही अन् आपण विचारत नाही. मशीन न्या म्हटलं की कळतं. तेरावी होईस्तोवर त्या घरी गाडी जात नाही अन् भाडं फोन आला त्या दिवसापासून बंद. बाबांनी लावून दिलेलं.

मु. म्हणे, "ताई, तोवर मशीन अडकून राहते. थंडीचा सीझन आहे."
सीझन. आंब्याचा असतो सीझन. लोकांच्या दम्याला सीझन म्हणतो हा.

१२ नोव्हें., बुध.
ॲप सुरू, फुकटात पाहायला. नंतर फोनवाल्याची पाळी, मग दोघांतलं एक वर्षभरासाठी घ्यायचं. काम पुरं केलं की मोबाईलवर रंगीत कागदं उडतात अन् टाळ्या वाजतात. रज्जू खूश. एकच कमोडची खुर्ची पोहोचवली, अन् कागदं पाहायला दोनदा "पुरं" केली. म्हटलं, काहून रे? "अच्छा लगता है दीदी, घर में तो कोई नहीं बजाता।"

आईचा दम वाढला आहे. न्हाणीपासून पलंगापर्यंत येताना भिंत धरते. डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. म्हणे, थंडी गेली की जाऊ.

१७ नोव्हें., सोम.
सगळं लिहिते.

सकाळी आईला घेऊन डॉक्टरकडे गेली. दुकानाचा फोन मु.कडे. तेवढ्यात इथलेच मास्तर, मागच्या गल्लीतले, त्यांच्या मुलाचा फोन आला, मशीन घेऊन जा. मु.नं ॲपमध्ये "वापसी" टाकलं. ॲपनं तारीख आपोआप आजचीच घातली. रज्जूचा मोबाईल वाजला, रज्जू गाडी घेऊन निघाला. त्याला वाटलं दीदीनंच पाठवलं.

अंगणात तिरडी बांधून राहिले होते. हा दारात उभा. परत फिरावं तं लोकांनी पाहिलेलं, आत जावं तं कसं. शेवटी घरचीच एक सून उठली, प्लग काढला, मशीन ढकलत आणून दिली. लोकांनी पाय आखडून वाट दिली. फाटकापाशी त्यानं सवयीनं मोबाईलवर बोट ठेवलं.
"दीदी, वहीं पे ताली बज गई।" माझ्याकडं न पाहता सांगितलं. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धूत राहिला.

मु.ला विचारलं, फोनवर काय बोलला तू त्यांच्याशी? म्हणे, "काय बोलणार, रिक्वेस्ट घेतली." अन् वरून, "आवाज बंद करता येतो ताई. सेटिंगमध्ये आहे."
छी! सेटिंगमध्ये आहे म्हणे.

आईला घरी ऑक्सिजन लावा म्हणाले डॉक्टर. "तुम्हारे तो घर की दुकान है," अन् हसले. मीपण हसली. काहून हसली देव जाणे.

२० नोव्हें., गुरु.
ॲपचं तोंड काळं. म्हणजे मु.च्या भाषेत "होल्डवर". फोनवाल्याची पाळी. हा भोपाळचा, अत्तर लावून. म्हणे ग्राहकाला ओळखीचा आवाज लागतो. मु. लगेच, "ताईचाच घ्या. सगळे ओळखतात."

गाद्यांच्या खोलीत बसवलं, आवाज घुमू नये म्हणून. नमस्ते. नई मशीन के लिए एक दबाइए. मशीन में खराबी हो तो दो दबाइए. मशीन वापस करने के लिए तीन दबाइए. परत परत. फोनवाला म्हणे, "मॅम, तीन पे थोड़ा स्माइल रखिए। स्माइल सुनाई देती है।"
म्हटलं, भैया, तीन कोण दाबतं माहीत आहे तुम्हाला?
"जी, रिटर्न वाले कस्टमर।"
नाही हसली. तसंच घेतलं त्यानं.

आवाज दिला खरा. घरी येताना वाटत राहिलं, आता मी नसली तरी चालते.

२४ नोव्हें., सोम.
आईची मशीन लागली. आपल्याच दुकानातली, रज्जूनं आणून बसवली, तीनदा तपासली. आई त्याला म्हणे, "भाडा लगाएगी क्या तेरी दीदी मुझको?" तो पाया पडून पळाला. मग आई माझ्याकडं वळून, "दुकानातलं सामान घरात आलं म्हणजे काय ते मला कळतं हं." मी उशी सारखी करत राहिली.

आज अजून एक. आई रोज दुपारी दुकानात फोन करते, जेवली काय म्हणून. आज फोन सिस्टीमनं उचलला. संध्याकाळी घरी गेली तं रुसलेली. "काहून गं, माझ्याशी हिंदीत बोलत होती? मी म्हटलं, अगं आई बोलते, तं तू म्हणते दोन दबाइए. किती वेळा म्हटलं, काय दाबू बाई, मीच आहे. ऐकूनच नाही घेतलं."
हसू आलं, मग आलं नाही. समजावलं, ती टेप आहे. "टेप कशाला? तू मेली आहे काय?"

आईचं तोंड पहिल्यापासून असंच आहे.

२६ नोव्हें., बुध.
कुंडमच्या बाई, त्या घाबरलेल्या पोराची आई. नवरा आपल्या मशीनवर होता, दिवाळीच्या आधीपासून. तीन दाबलं त्यांनी. मग सतारीचं वाजलं, मग कुठं तो फोन माझ्याकडं आला. मी हॅलो म्हटलं तं त्या घाबरून, "तीन दबाया है हमने।" एवढंच. मशीनचं नाव नाही, न्या नाही. मी म्हटलं, हाँ भाभी, आप घर देखिए. आता कुठं त्या रडल्या. मी धरूनच होती, किती वेळ ते पाहिलं नाही.

फोन ठेवल्यावर त्यांच्या मोबाईलवर आपोआप मेसेज गेला, आपका अनुभव कैसा रहा, एक से पाँच तक अंक दें. सिस्टीमच पाठवते. मला काय माहीत!
दुपारी मु. लॅपटॉप घेऊन आला, चेहरा उजळलेला. "बघ ताई. पाच!"
त्या बाईनं पाच दाबलं होतं. तिला वाटलं असेल हेही दाबावंच लागतं, नाहीतर मशीन नेणार नाहीत. कोणाची बायको होती माहीत आहे तुला, म्हटलं, आज सकाळपर्यंत? त्यानं मग रिपोर्ट बंद केला.
 

२९ नोव्हें., शनि.
कडाक्याचं भांडण. दोघांचाही फुकटचा वेळ संपत आला, ॲपवाला अन् फोनवाला दोघं मु.ला सकाळ-संध्याकाळ छळून राहिले. म्हटलं, दोन्ही नको. फेकून दे. फोन मी उचलीन, आजवर उचलला तसा.

"अन् तू नसली तं?"
काहून नसणार मी?
"त्या दिवशी आईला घेऊन गेली होती ना! तेव्हा कोणी उचलला? मी. उद्या आईपाशी बसावं लागलं तुला, मग?" मग जे बोलला ते लिहून ठेवते, कारण त्याच्या तोंडून असं कधी निघत नाही. "मला येत नाही ताई ते. तिकडून ते गप्प होतात अन् माझी जीभच उचलत नाही. मास्तरांचा मुलगा गप्प झाला तं मी नाव-पत्ता विचारला. त्यांचा पत्ता मला माहीत आहे! त्यांच्याकडे शिकलो मी. म्हणून पाहिजे मला मशीन. ॲप असो नाहीतर फोन, काहीही चालेल. मला ते उचलायचं नाही."

रागच गेला माझा. जायला नको होता. टाळ्या काय माफ करायच्या? पण धाकटा आहे, अन् डोळे बाबांसारखे करून उभा होता. म्हटलं, शिकवीन मी. म्हणे, हे शिकवतात काय?
नाही शिकवत. मलाही कोणी शिकवलं नव्हतं.

२ डिसें., मंगळ.
संध्याकाळी मु. घरी आला, आईच्या पलंगापाशी बसला, लॅपटॉप मांडीवर. दुकानातल्या मशीनचा मेळ बसत नव्हता, एक कमी येत होती. कमी कुठं, समोर घरघरते आहे. म्हणे, आईला टाकून देतो ॲपमध्ये, म्हणजे जुळेल. अजून तेच उघडून बसतो, सवय लागली आहे.

आई त्याला मजेनं सगळं सांगून राहिली. नाव लिही. पूर्ण लिही, बाबांच्या नावासकट. वय एक वर्ष कमी लिही. पत्ता तुझाच. तोही हसून राहिला. मी भाजी निवडत होती दारात.

मग तो थांबला. मला वाटलं नेट गेलं. उठून पाहिलं तं खाली एक चौकोन लाल झालेला. वापसीची तारीख. ती घातल्याशिवाय ॲप पुढं जात नाही. त्यानं मोकळं सोडून पाहिलं, घेत नाही. रेघ मारली, घेत नाही. शून्य घातलं, घेत नाही. बोट तसंच वर धरून बसला.

"काय झालं रे?" आई म्हणे. "माझ्यात काही कमी पडलं काय?"
"नाही आई. दुकानाचं आहे."
आईनं डोळे मिटले. झोपली नव्हती ती, मला माहीत आहे.

मु. लॅपटॉप घेऊन दारात आला माझ्यापाशी, हळूच. मला वाटलं विचारेल काय टाकू म्हणून. ते नाही विचारलं.
"ताई, आपल्या घरचं झालं की आपण कोणाला फोन करायचा?"

भाजीचा देठ हातातच राहिला माझ्या. इतकी वर्षं लोकांचे फोन घेतले, हे कधी मनात आलं नाही. चौकोन लाल तो लालच, तसाच मिटवला त्यानं लॅपटॉप.

तेवढ्यात ॲपवाल्याचा फोन, वाजून वाजून बंद झाला. मग फोनवाल्याचा. घेतो का नाही ते दोघांनाही उद्या सांगायचं आहे. आईला पातळ खिचडी केली, अर्धी खाल्ली.