डाव्या हाताची मूठ

शास्त्रीनगर, सोलापूर
शनिवार, ३१ मे २०२५, जिलहजची तीन

तौफीक,

अस्सलामु अलैकुम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र फाडलं नाहीस, म्हणजे पहिली पायरी तर झाली. माझा नंबर तू कधीच बंद करून टाकलास, म्हणून पोस्टात जावं लागतंय. घरात आपण दखनी बोलत वाढलो. पण शाळा दोघांची मराठी, तेव्हा लिहायला हीच भाषा हाताशी आहे. चुका काढत बसू नकोस, ती तुझी जुनी खोड.

आम्ही ठीक आहोत. अब्बांचं उजवं अंग गेल्याला चार वर्षं झाली. जीभ थोडी सुटलीय, एखाददुसरा शब्द येतो. मी शिलाई मशीन त्यांच्या खाटेशेजारीच मांडलंय. दिवसभर टॉवेलच्या कडा शिवते आणि ते बघत पडून असतात. दोन टाके वाकडे गेले तरी त्यांना कळतं.

काल जुम्मा होता. आंघोळ घातली आणि त्यांची नखं कापायला बसले. उजव्या हाताची पाची झाली. डावा हात घेतला तर मूठ घट्ट आवळली.

"अब्बा, हाथ खोलो."

"नक्को."

वाटलं, दुखतंय. बोटं सोडवायला गेले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वैतागले. लहान पोरासारखं काय करता, म्हणून ओरडलेसुद्धा.

शेजारच्या हेमावती अक्का दारातच होत्या. आठवतात ना? अब्बा चादरीच्या मागावर होते तेव्हा त्याच कारखान्यात कांड्या भरायच्या त्या. म्हणाल्या, "अगं बिलकीस, चाँद झालाय की तुमचा! कुर्बानी होईपर्यंत तुझे अब्बा नखं कुटं कापत होते? नखात सूत अडकायचं, मुकादम लई बोंबलायचा. तरी न्हाय म्हंजे न्हाय."

तौफीक, मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ज्याला कुर्बानी करायची आहे त्याने जिलहजचा चंद्र दिसल्यापासून केस-नखं कापायची नसतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण अब्बा पडल्यापासून आपल्या घरी कुर्बानीच झाली नाही, आणि मी विसरले. तेलुगू घरातल्या अक्कांच्या मात्र ध्यानात होतं. बुधवारी मशिदीतून चंद्र दिसल्याचं सांगितलं, ते अब्बांनी खाटेवरून ऐकलं असणार. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही. पण मनातल्या मनात कुर्बानीची नियत करून ते पडून होते.

मी विचारलं, "कुर्बानी करना है?"

"हौ."

कोणाच्या हातून करायची म्हणून मोहल्ल्यातली चार नावं घेतली. चारही वेळा नाही म्हणून मान हलवली. मग तुझं नाव घेतलं. "हौ" म्हणाले. इतकं स्पष्ट ते गेल्या चार वर्षांत काही बोलले नव्हते.

तेव्हा ये. ईद सात तारखेला, शनिवारी आहे. बोकड वळसंगच्या धनाजीकडून आणू, तो दात दाखवून, वय पटवूनच जनावर देतो. पूर्वी अब्बा सुरी धरायचे आणि तू पाय धरायचास. या वेळी सुरी तू धर. त्यांचा हात तुझ्या हातावर ठेवू.

सोमवार, जिलहजची पाच

वरचं लिहून दोन दिवस झाले, पाकीट बंद केलेलं नाही. "तेव्हा ये" असं मी ऐटीत लिहून टाकलंय, जणू तू आपणहूनच यायचा राहिलास.

काल मदरशात बायकांच्या बयानाला गेले होते. आलिमाबाई सांगत होत्या, अरफातच्या मैदानात हाजी लोक काय करतात? काही नाही. उन्हात उभे राहतात आणि मागतात. तोच हज. आपण इथे त्या दिवशी रोजा धरतो, आणि अल्लाह मागच्या वर्षाचे आणि येणाऱ्या वर्षाचे गुन्हे माफ करतो. पण आपण कोणाचं मन दुखावलं असेल, तर ती माफी त्याच माणसाकडून आणावी लागते. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. मी उठून चपला शोधायला लागले.

अब्बा पडले तेव्हा दवाखान्यात वॉर्डच्या दाराशी मी तुला म्हणाले होते, "अब्बांना तुझं तोंड पाहायचं नाही." त्यांनी तसं म्हटलं नव्हतं रे. म्हणणार कसे? त्यांची जीभ त्याच पहाटे गेली होती. ते शब्द माझे होते. अम्मी गेली तेव्हा तिला माती देऊन दोन दिवस झाल्यावर तू उगवलास, तो राग मी पोटात धरून होते. उशीर का झाला, हे तुला एकदाही विचारलं नाही. तू मोसंबी आणली होतीस. पिशवी बाकावर ठेवलीस आणि जिना उतरून गेलास. मी आत जाऊन अब्बांना काहीही सांगितलं नाही. चार वर्षं ते समजत आलेत की पोरगा आलाच नाही.

शुक्रवारी जो हात त्यांना मागे घेता येत नव्हता, त्याचीच नखं मी आधी कापली. त्यांच्या जिभेचंही मी असंच केलं.

इब्राहीम अलैहिस्सलामांचा किस्सा ऐकताना मला लहानपणापासून वाटायचं, ही मुलगा देण्याची ईद आहे. आता वाटतं, मुलगा परत मिळाला म्हणून ही ईद आहे. त्यांचा मुलगा अल्लाहने मागितला होता, आणि त्यानेच परत दिला. आपल्या अब्बांचा मुलगा मी काढून घेतला. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

आज असरच्या नमाजानंतर अब्बांना सगळं सांगितलं. मशीन बंद केलं, खाटेच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. वाटलं होतं, तोंड फिरवतील. खरं तर तेच बरं वाटलं असतं मला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आया था?"

"हौ अब्बा. आया था."

थोड्या वेळाने पुन्हा, "आया था?"

मगरिबची अजान होईपर्यंत किती वेळा विचारलं असेल! अक्का भाजी द्यायला आल्या, तर त्यांनाही डाव्या हाताने जवळ बोलावून सांगितलं, "आया था." आणि हसले. निम्मंच तोंड हसतं आता त्यांचं, तुला बघून धक्का बसेल, म्हणून आधीच सांगते.

माझी माफी तू देशील की नाही, ते तुझ्याकडे. अरफाचा रोजा मी धरणारच आहे, कबूल होवो न होवो. पण अब्बांकडे ये. मी समोर नको असेन तर तेवढा वेळ अक्कांकडे जाऊन बसेन, आणि तू गेल्यावर परत येईन. उद्या सकाळी हे स्पीड पोस्टाने टाकते, बुधवारपर्यंत इचलकरंजीत मिळेल.

सहीच्या आधी दरवेळी "तुझी आपा" लिहायची सवय होती. आज तो थोरल्या बहिणीचा शब्द तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

बिलकीस