अर्धवट कोण?

झरी, बुधवार, दिवेलागणीला

शीतलनं आज परभणीच्या बसस्टँडवर माझं पुस्तक परत केलं. वर म्हणते, "तुझी ही नावाड्याच्या पोरीची मालिका लय पोरासोरांची हाय. माझीवाली सिंहासनाची वाच की. पण जाऊ दे, ते अर्धवटांचं काम न्हाई."

अर्धवट! मी कॉलेज मधेच सोडलं, हे तिला बरोबर आठवतं. तिची मालिकाही तिसऱ्या भागात सोडली. सोडली तर सोडली! राजांच्या पिढ्यांची नावं पाठ करायची, नकाशे धुंडाळायचे, आणि शेवटी गादी राजाच्याच पोराला. ज्यांना घराण्याचा तोरा आवडतो त्यांनी खुशाल वाचावी. माझ्या मालिकेतली पोरगी कुणाचा वारसा नसताना, नाव वल्हवता वल्हवता जादू शिकते. ज्याला कुणी वाट दाखवली नाही त्याच्यासाठी आहे ती. माझ्यासाठी. आणि तिच्यासाठीही, म्हणून तर दिली होती. हे तिथंच का नाही सुनावलं? ती हसली की माझं डोकंच चालत नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं, तर बरोबर मध्यात एसटीचं तिकीट. पूर्णा ते परभणी. म्हणजे बाईसाहेबांनी खूण ठेवली आणि तिथंच सोडलं. तीनशे पानांचं पुस्तक पुरं होईना, आणि अर्धवट मी?

तिकीट खिशात ठेवलंय. उद्या पूर्णेला जाऊन तिच्यासमोर धरणार आणि विचारणार, सांग आता, अर्धवट कोण?

"दोघंबी" म्हणाली, तर मात्र भांडणार नाही.