कांडी हिरवी आहे ना?

४ जुलै

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद, आणि एक तक्रार. तू दिलेला लकी बांबू खिडकीच्या वर जाऊन आता वाकलाय. त्याच्या कांड्या कापून नवी रोपं होतात म्हणे. मुलगी रोपवाटिकेत नोकरी करत असताना बापाने शेजाऱ्यांना विचारत फिरावं का? माझ्या व्हॅनमधली मोठी मुलं यंदा शाळा सोडतील. प्रत्येकाला एकेक रोप द्यायचं मनात आहे. पत्रानेच कळव. फोनवर तू घाईत असतेस आणि मेसेज वाचायचा मला कंटाळा येतो.

व्हॅन झकास चाललीय. मुलांना नवा खेळ लागलाय. सिग्नल आला की सगळी एका सुरात रंग ओरडतात. व्हॅनवरच्या मावशी कानांवर हात ठेवून बसतात.

लोभ आहेच, सवडीने वाढव.

तुझा बाबा

१५ जुलै

ती. बाबांस,

सा. न. आधी ब्लेड स्वच्छ पुसून घ्या. गाठीच्या जरा वर, एका फटक्यात कापा. खालची पानं काढून कांड्या पाण्यात उभ्या करा, म्हणजे गाठीतून मुळं फुटतील. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच वापरा आणि आठवड्याने बदला. ऊन थेट नको. जुन्या झाडाच्या कापलेल्या टोकावर मेणाचा थेंब सोडा. महत्त्वाचं म्हणजे कांडी हिरवी आणि टणक हवी. पिवळी पडलेली टाकून द्या, ती बाकीच्यांनाही नासवते.

तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. चष्मा शेवटचा कधी तपासलात? आत्या इकडे येणार आहे, तिच्याबरोबर एक कांडी पाठवा. परीक्षक मी.

माया असू द्या, आणि या पत्राला उत्तरही द्या.

तुमची ठमी

२ ऑगस्ट

चि. ठमीस,

आशीर्वाद. सगळ्या कांड्या हिरव्यागार आहेत. त्यातली सर्वांत देखणी आत्याबरोबर पाठवतोय. अंगठ्याला ब्लेड जरासं लागलं, ब्लेडच बोथट होतं. माझे डोळे ठणठणीत आहेत, अक्षर पहिल्यापासून वाईट. तू बापाची काळजी करण्यापेक्षा वेळेवर जेव.

आहे ती माया राहू दे.

तुझा बाबा

८ ऑगस्ट

ती. बाबांस,

नमस्कार. पत्र आत्याच्या हाती देतेय, ती वाचून दाखवेल.

तुमची देखणी कांडी बुडापासून शेंड्यापर्यंत पिवळी आहे. बोटाने दाबली तर पाणी सुटतं. काप गाठीच्या मधोमध गेलाय. तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतलात आणि तिला हसून दाखवलंत, हे आत्याने सांगितलं. मग मला तो सिग्नलचा खेळ आठवला. बाबा, तो खेळ मुलांना कुणी शिकवला?

परवा फोनवर हेच विचारलं तर तुम्ही फोन ठेवून दिलात. शाळेचा नंबर मी दोनदा लावला आणि कट केला. तुमच्या पाठीमागे काही करायला हात धजत नाही. पण यापुढे व्हॅन काढलीत, तर मी तो फोन करणार. मग जन्मभर माझ्याशी बोलू नका, चालेल मला.

तुमचीच,
ठमी

१३ ऑगस्ट

चि. ठमीस,

आशीर्वाद. मी सांगतोय, आत्या लिहितेय.

तुझं पत्र ऐकून मी खूप चिडलो. इतकी वर्षं गाडीला ओरखडा नाही, असं आत्याला ऐकवलं आणि सकाळी व्हॅन काढली. मुलांना बजावलं की आज कुणी रंग ओरडायचा नाही. मला तुला खोटं पाडायचं होतं.

मोठ्या चौकात समोर काहीतरी उजळलेलं दिसलं. मी हिरवा धरला आणि गाडी पुढे घेतली. मावशींनी मागून माझा खांदा एवढ्या जोरात ओढला की ब्रेक दाबला गेला. पाण्याचा टँकर आमच्या नाकासमोरून गेला. कुणाला काही लागलं नाही. पण मागे एकही मूल बोलेना. एवढी गप्प मुलं मी कधी ऐकली नव्हती.

गाडी तिथेच कडेला लावली. मावशींनी फोन करून दुसरा ड्रायव्हर बोलावला. त्याच्या शेजारी बसून शाळेत गेलो, मोठ्या बाईंच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि सगळं सांगितलं, खेळाचंही. तो मीच शिकवला होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं.

मग आत्याने डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी. दिसायला लागेल म्हणतात. व्हॅन परत मिळेल का, हे मी विचारलेलं नाही, आणि तूही विचारू नकोस. नासलेल्या कांड्या आत्याने फेकल्या. जुन्या झाडाच्या दोन फांद्या धड होत्या, त्या तिने तू सांगितलंस तशा कापून पाण्यात ठेवल्यात. मला त्या चाचपूनच कळतात.

ऑपरेशनला तू येऊ नकोस, उगाच रजा जाईल, असं लिही म्हणालो, तर आत्याने पेन खाली ठेवलं.

तेव्हा ये.

बाबा