हैबतीचा घास

तुळजापूर,
माघ, १९५९

प्रिय अंबू,

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीत हैबती कसा आहे आणि शेवटच्या ओळीत हैबतीला जप. मधे तुझी कचेरी, तुझा खोलीमालक आणि हैदराबादचे नळ. अक्का नावाची एक बाईही ह्या घरात राहते, पण तिच्यासाठी कागदावर जागा उरली नसेल. असो, रागावले नाही. तू विचारलंस म्हणून खरं सांगते, हैबती बरा नाही.

दसऱ्यापासून त्याचं पोट थाऱ्यावर नाही. चार दिवस बरे जातात, वाटतं सुटलो, की पुन्हा ओकाऱ्या आणि पुन्हा जुलाब. कल्लोळ तीर्थाजवळ सापडलेलं ते पिल्लू तू सदऱ्यात घालून आणलंस, लोकांनी भ्यावं म्हणून हैबती नाव ठेवलंस, आणि ते गोंधळ्यांच्या संबळाला भिऊन कणगीमागं लपलं, आठवतं का? आता त्याचं तोंड पांढरं झालंय, मागचे पाय धरतात. अंगण घाण झालं की बिचारा तुळशीमागं जाऊन भिंतीकडं तोंड करून बसतो. मी राख टाकते, सारवून घेते आणि म्हणते, लाजतोस काय वेड्या, घरचेच आहोत आपण. पण तो मान वळवत नाही. मग मलाच रडू येतं.

जे सुचलं ते सगळं केलं. बेलफळाचा गर दिला, सुंठ उगाळून चाटवली, डाळिंबाची साल उकळून पाजली. शेवटी पदर खोचून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं सगळे बैल आणि म्हशी, आणि त्यांच्यात मी एक बाई कुत्रं धरून उभी! लोक हसले, डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, म्हाताऱ्या कुत्र्याचं आतडं नाजूक होतं. तेल, तिखट, डाळ, पुरण सगळं बंद. मऊ भात ताकात कालवून थोडा थोडा, दिवसातून बऱ्याचदा. तेव्हापासून मी त्याच्यासाठी वेगळी पातेली चढवते. आधी पाणी, मग पेज, मग भात, असं लहान पोराचं करावं तसं करते. तरी गुण येईना.

मला आधी वाटलं, हे यात्रेकरूंचं काम. मंगळवारी-शुक्रवारी घरात यजमान उतरतात, पुरणाचा स्वयंपाक होतो, कुणीतरी कौतुकानं पोळी टाकत असेल. म्हणून त्या दोन्ही वारी त्याला बांधून ठेवायला लागले. काही फरक नाही. मग समोरच्या दुकानातल्या शांतलिंगवर संशय घेतला. तो त्याला गुळाचा खडा द्यायचा, तुला माहीतच आहे. भर रस्त्यात मी त्याला बोलले. बिचारा कानाला हात लावून म्हणाला, "वनाक्का, आईची आन घिऊन सांगतो, म्या त्याला दसऱ्यापासनं दाणाबी घातला न्हाय. लई वाईट वाटतं बगा त्याचं." आता मी त्याच्या दुकानात गेले की मान खाली घालून मीठ मागते.

तात्यांचं तुला कळवायचं नाही अशी मला घरात ताकीद आहे. तू उपाध्येपण नको म्हणून निघून गेलास, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, तुझ्या कचेरीतली इकडची मंडळी परत आली, तेव्हाही तिकडंच राहिलास, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. पण तुझं पत्र आलं की ते दारात उभे राहून विचारतात, हैबतीचं काय लिहिलंय? मी सांगते. बरं, म्हणतात आणि आत जातात. तुम्ही दोघं बापलेक एका कुत्र्याच्या आडून एकमेकांची खुशाली घेता, आणि मी मधे टपालखातं चालवते.

त्यांचं जेवण तुला आठवत असेल. परसदाराच्या उंबऱ्याजवळ पाट, सोवळं, मौन. आई गेल्यापासून मी एकदाच सगळं वाढते आणि बाजूला होते, जेवताना कुणी समोर उभं राहिलेलं त्यांना खपत नाही. उठण्याआधी उंबऱ्यापलीकडच्या दगडावर कुत्र्याचा घास ठेवायचा, हाही त्यांचा जुना नेम. डॉक्टरांनी सांगितल्यावर मी त्यांना विनवलं, तात्या, घास फक्त भाताचा ठेवा. त्यांनी मान डोलावली. ताट नेहमीसारखं लख्ख असायचं. सदरा ढगळ झालेला मला दिसत होता, पण वय झालं, असं म्हणून मी ते मनाआड केलं.

मागच्या पंधरवड्यात एका यजमानाच्या घरी कार्य होतं म्हणून तात्या नळदुर्गला गेले, तिथंच थोडे दिवस राहिले. आणि अंबू, हैबती बरा झाला! भात पचला, शेपटी हलली, एकदा तर मांजरावर भुंकलासुद्धा. मला इतका आनंद झाला की तात्या परत आले ते दारातच त्यांना सांगितलं, तुम्ही गेलात आणि ह्याचं पोट बरं झालं बघा. मी चेष्टेनं बोलले होते. ते तसेच पाय धुवायला गेले.

पुढं काही दिवस बरे गेले आणि परवा पुन्हा अंगण घाण झालं. तेव्हा मात्र मी वाढून बाजूला झाले नाही, दाराआड उभी राहिले. तात्यांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला, गिळायला गेले आणि छातीवर हात दाबून थांबले. डोळ्यांतून पाणी आलं. घास उतरेना, तो त्यांनी हातात काढून घेतला. पाणी प्यायले, तेही जेमतेम उतरलं. मग भाकरी, तेल-चटणी, वरण, सगळं ताट त्यांनी दगडावर सारलं. हैबती खाईना, नुसता बघत राहिला. आणि आयुष्यात कधी मौन न मोडलेले आपले तात्या, सोवळ्यात बसून त्याच्याशी बोलले, "खा रे बाबा. तू गेलास तर अंबू कशाला येईल इथं?" तेव्हा त्यानं खाल्लं.

मी मागच्या मागं स्वयंपाकघरात गेले. काय करू सांग. हैबतीला तिथून दूर बांधून ठेवलं तर ताट भरलेलं राहील, मला कळलंय हे त्यांना कळेल, आणि मग ते पाटावर बसणंच सोडतील. त्यांचा हट्ट तुला ठाऊक आहे, तोच तुझ्यातही आलाय. नाही बांधलं तर ते मुकं जनावर त्यांच्या शब्दाखातर खात राहील आणि मरेल. काल मी भीतभीत विचारलं, तात्या, गिळायला त्रास होतो का? म्हणाले, तू तुझ्या कुत्र्याचं बघ. मी पेज करते, ते ती पाटावर घेतात, आणि तीही दगडावर जाते की काय हे बघायचा धीर आता मला होत नाही.

म्हणून तुझ्याकडं औषध मागत नाही. तू रजा काढून ये. तात्यांना सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरकडं न्यायला हवं, आणि माझ्या सांगण्यानं ते घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. हैबतीला बघायला आलो असं सांग, त्यांना ते पटेल आणि तुमच्या दोघांचाही मान राहील. फक्त एक कर. दिंडी दरवाजातून आत येताना हैबतीला हाक मारायची तुझी सवय आहे. ह्या खेपेला तात्यांना हाक मार.

तुझीच,
अक्का