जयंतीचा आवाज आणि निळा पडदा

२२ सप्टें., सोम.
सकाळी पुन्हा निळा पडदा. ‘सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन’. या आठवड्यात तिसऱ्यांदा. संगणक तेरा वर्षांचा, मरेना का एकदाचा. पण जयंतीचा आवाज त्याच्यात आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. मे महिन्यात अण्णा नगरच्या हॉस्पिटलात तिचं स्वरयंत्र काढलं. त्याआधी अकरा दिवस ही माझी बायको माइकसमोर बसून बोलली. चौसष्ट फायली. डांगर पच्चडी कशी करायची, तंजावरच्या सगळ्या आत्यांची नावं, शिवाय मला रागावणं. ते मुद्दाम, वेगळ्या फायलीत.
कॉपी काढायची राहिली.

२४, बुध.
रॅम काढून खोडरबरानं पट्ट्या पुसल्या. सव्वा तास चालला. मग पुन्हा नि. प.
बंगळूरहून मीनूचा फोन. “बाबा, आधी फाइल्स कॉपी करा, प्लीज. रिपेअर नंतर.” म्हटलं, मध्येच बंद पडला आणि फाइल बिघडली तर? एकतीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केला, कारण सापडल्याशिवाय मशीन कधी सोडलं नाही. लेक मला शिकवणार! तिनं फोन ठेवला.

२६, शुक्र.
मेमरी टेस्ट पास. सिस्टिमच्या फायली तपासल्या, दुरुस्त झाल्या म्हणे. तरी नि. प. आहेच. आता साउंडच्या ड्रायव्हरवर संशय. एप्रिलमध्ये रेकॉर्डिंगसाठी मीच नवा घातला होता.
ज. दारात उभी राहून बघत होती. पाटीवर लिहिलं. मराठीच, पण तमिळ अक्षरांत; तिच्या माहेरी सगळे असंच लिहितात, मी अजून अक्षरं जुळवत वाचतो. “जेवाला या. ते कुठं पळत नाही.”

३०, मंगळ.
सापडलं! सेफ मोडमध्ये सुरू केला, तो ड्रायव्हर काढून टाकला. तीन तासांत एकही नि. प. नाही. चौसष्टच्या चौसष्ट फायली दिसतात. ऐकता येत नाहीत, कारण आवाजाचा ड्रायव्हरच काढलाय. पण आहेत. कॉलर ताठ करून घरभर फिरलो. पेन ड्राइव्ह उद्या. अंबत्तूर स्टेशनपर्यंत पूजेच्या खरेदीची गर्दी आहे, त्यात आज स्कूटर घालवत नाही.

१ ऑक्टो., बुध. आयुधपूजा
पेन ड्राइव्ह घेऊन आलो, तर संगणकाला चंदन, कुंकू, झेंडूची माळ. शेजारी माझे पाने, स्क्रूड्रायव्हर, तिची विळी, सगळं ओळीनं. पुढे चुरमुरे आणि गूळ. आज अवजारांना विश्रांती, उद्या विजयादशमीला माळ उतरवूनच हात लावायचा.
म्हटलं, “दहा मिनिटांचं काम आहे.”
पाटीवर: “एक दिवस त्याला पण राहू द्या की.”
कारखान्यातही या दिवशी लेथ बंद असायची. मी सगळ्यांना हसायचो आणि चुरमुरे खायचो. एरवी वाद घातला असता. पण ऑपरेशननंतर तिनं पहिल्यांदाच काही मागितलं. राहू दिलं. पेन ड्राइव्हलाही तिनं कुंकू लावलं.

२, गुरु.
माळ काढली. बटण दाबलं. टक्, टक्, टक्. डिस्क. पडदा काळा, निळासुद्धा नाही.
केबल बदलली, दुसरा सॉकेट लावून पाहिला. तेच.
तिनं पाटी पुढे केली. “मी थांबवलं म्हणून?”
मी “नाही” म्हणालो, पण जरा उशिरा. तो उशीर तिला दिसला.

३, शुक्र.
ज. पाटीला हात लावत नाही. सकाळी समोर बसवून सांगितलं: सेफ मोडमध्ये फायली मला पहिल्याच दिवशी कॉपी करता आल्या असत्या. मीनू घसा कोरडा करून सांगत होती, आणि मी माझी अक्कल पाजळत बसलो. तुझ्या एका दिवसाचा काय दोष? तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.
आधी दुरुस्तीच का, याचं खरं कारण तिला सांगितलं नाही. तिचा घसा मला दुरुस्त करता आला नाही. हे तरी मला करायचं होतं. लाज वाटते.

६, सोम.
डिस्क माउंट रोडजवळच्या एका दुकानात दिली. तिथल्या बाईंनी कानाला लावून ऐकली. “हेड पोच्चु, सार,” म्हणजे डिस्क वाचणारं हेड गेलं. “ट्राय पण्णरोम. गॅरंटी इल्लै.” प्रयत्न करतो, खात्री नाही. तीन आठवडे तरी लागतील. थोड्या तरी फायली निघतील का, हे विचारायचं धाडस झालं नाही.
मीनूला कळवलं. तिनं फक्त आईचं जेवण झालं का, ते विचारलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

९, गुरु.
दुकानातून फोन नाही.
दुपारी जेवण झाल्यावर ज.नं आपणहून पाटी घेतली. “माझा आवाज कसा होता? सांगा.”
सांगायला लागलो. जरा जाडसर. नाही, जाडसर नव्हे. स्वयंपाकघरातून ‘अहो’ म्हणायची तेव्हा शेवट वर जायचा, तिच्या माहेरच्यांसारखा. मी म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. दहा-बारा वेळा तेवढा एकच शब्द म्हणत बसलो. तिचं ‘अहो’ आठवायला जातो आणि माझ्याच आवाजात ऐकू येतं. एकोणचाळीस वर्षं ऐकलं.
हे लिहितोय, तर अजून समोर बसली आहे. मी पुन्हा म्हणेन म्हणून. वही मिटतो.