मूळव्याधीची खबर कोणी फोडली

३ नोव्हेंबर, सकाळी
मी बोलून राह्यली, नात खुशी लिहून राह्यली. हे फक्त माह्यासाठी. खुशीले शपथ घातली आहे.
मले मूळव्याध झाली. उपकेंद्रातल्या प्रभावती सिस्टरनं मोबाईलसारख्या पाटीत टाकलं, दारव्ह्याच्या डॉक्टरनं तिकडं कम्प्युटरवर पाह्यलं, कागद निघाला. सिस्टर म्हणे, आजी, पासवर्ड आहे, कोणाले दिसत नाही. अंगठा दिला.

४ नोव्हेंबर
कागद वाचून घेतला. माह्या बापाले एकदा मोजणीवाल्यानं भलतंच वाचून दाखवलं अन् वावराचा धुरा, बांध, सरकवला. तेव्हापासून घरचा नियम: तीन तोंडांतून सारखं निघालं तरच खरं. किराणावाले भगवानराव, बस स्टॉपवर फुलचंद, हॉटेलवाली बबिता. तिघांचं जुळलं. तिघांलेही बजावलं, कोणाले सांगू नका. बाईनं असं सांभाळून राहावं.

७ नोव्हेंबर
तानाबाईच्या घरी बारसं. सगळ्या बाया सतरंजीवर, अन् माह्यासाठी उशी! म्हणे, बसा रुपीबाई, तुमाले खाली टोचंल. बाया पदरात हसल्या. मी मुद्दाम दोन तास उभी राह्यली. पाय सुजले.
प्रभावतीनंच फोडलं, नाही तर त्या कम्प्युटरनं. सूड घेतल्याशिवाय चहा पिणार नाही.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी
चहा घेतला. अर्धा कप धरत नाही.

१० नोव्हेंबर
तालुक्याले अर्ज केला: प्रभावतीले काढा. खुशी म्हणे, आजी, तिची नोकरी कंत्राटी, लेकरू लहान, घरी बसंल बिचारी. म्हटलं, बसू दे. तिले बसता तं येते!
अर्जही तिघांकडून वाचून घेतला.

१८ नोव्हेंबर
मोठे डॉक्टर चौकशीले आले. म्हणे, कोणी काय उघडून पाह्यलं त्याची कम्प्युटरात नोंद राहते. दोनच नावं आहेत, सिस्टर अन् डॉक्टर. मंग म्हणे, आजी, कागद कोणाकोणाले दाखवला? म्हटलं, एकालेही नाही. वाचून घेतला. साहेबानं तेवढंच लिहून घेतलं. हरला बिचारा.
प्रभावतीचे डोळे लाल. तरी जाताना मलमाची ट्यूब हातात दिली. लाच! पुरावा म्हणून घेतली. पुरावा लावून पाह्यला. थंड वाटलं.

२४ नोव्हेंबर
निकालाचा कागद आला. खुशीनं वाचला: सिस्टरचा दोष नाही, माहिती खुद्द अर्जदार बाईनंच गावभर वाचून घेतली. खुशी सिस्टरच्या बाजूनं फितूर, तिचं धरलं नाही. भगवानरावांनी तेच वाचलं. बबितानंही तेच. फुलचंद दिग्रसले गेलता. बस स्टॉपवर चौथी शिकलेली एकटी तानाबाई. तिनं दोनदा वाचलं, खणखणीत. दारव्ह्याच्या बसची सगळी माणसं ऐकून राह्यली होती.
तिघांचं जुळलं.

२५ नोव्हेंबर
पुरावा संपला. उद्या प्रभावतीकडं जावं लागंल. कोणत्या तोंडानं, ते उद्या पाहू.
तानाबाईनं उशी घरी पाठवली. खुशी म्हणे, वापस नेऊन फेकू का तिच्या दारात? म्हटलं, फेक, पण उद्या. आता मी बसली आहे.